सावज एकाचं, वाटा सगळ्यांचा

विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीने हरीण मारायचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा असतो. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी तो सुरू होतो आणि नंतरच्या रविवारी संपतो. एवढ्या दिवसांत पाच लाखांहून अधिक माणसं केशरी जाकिटं घालून रानात, शेतांच्या कडेला, टेकड्यांवर उतरतात. कारखान्यांतल्या रजा कितीतरी आधी ठरतात, लग्नाची तारीख काढतानाही हा आठवडा टाळला जातो. आमच्या प्रयोगशाळेची मात्र हीच सुगी.

मी पशुवैद्य आहे. परळच्या कॉलेजातून पदवी घेतली, पुढच्या शिक्षणासाठी मॅडिसनला आले आणि इथेच रोगनिदानाच्या कामाला लागले. नोव्हेंबरमधलं माझं काम म्हणजे हरणांची डोकी तपासणं. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, इथे सगळे त्याला सीडब्ल्यूडी म्हणतात, हा हरणांना झिजवून मारणारा रोग. 1967 मध्ये कोलोरॅडोत पाळलेल्या हरणांमध्ये तो पहिल्यांदा लक्षात आला. विस्कॉन्सिनमध्ये माउंट होरेब गावाजवळ मारलेल्या तीन हरणांना तो असल्याचं 2002 च्या फेब्रुवारीत कळलं. हा जंतूचा रोग नाही, विषाणूचाही नाही. शरीरातलंच एक प्रथिन चुकीच्या घडीत दुमडतं आणि शेजारच्या प्रथिनांनाही तशीच घडी घालत सुटतं. शिजवून ते नष्ट होत नाही. हरणाच्या लाळेतून, विष्ठेतून ते मातीत उतरतं आणि तिथे वर्षानुवर्षं टिकतं. लागण झालेलं हरीण दीड-दोन वर्षं अगदी धडधाकट दिसतं. रोड होणं, लाळ गळणं, मान खाली घालून भरकटणं हे सगळं शेवटच्या टप्प्यातलं. राज्याच्या नैर्ऋत्येकडच्या काही भागांत आज प्रौढ नरांपैकी एक तृतीयांशाहून अधिक नरांत हा रोग सापडतो.

हंगामाच्या पहिल्या शनिवार-रविवारी मी नमुने घ्यायच्या केंद्रावर असते. एखाद्या गावातल्या दुकानाच्या आवारात टेबलं मांडलेली असतात, हात बधिर करणारी थंडी असते. शिकारी डोकं आणतात, मी ते उताणं ठेवते, जबड्यामागून आडवा छेद घेते आणि घशाच्या मागे दडलेल्या बोटाच्या पेराएवढ्या दोन लसिका ग्रंथी काढून बरणीत टाकते. दाढांची झीज बघून वय लिहिते. फॉर्मवर मारणाऱ्याचं नाव, परवाना, जागा. रांग मोठी असली की कुणाशी फार बोलायला सवड होत नाही.

तरी एक गोष्ट कानावर येत राहायची. एकाच ट्रकच्या हौद्यात तीन-चार हरणं, भोवती पाच-सहा माणसं. मी विचारायची, “हे कुणाचं?” उत्तर यायचं, “आमचं.” फॉर्मला एकच नाव हवं असतं म्हणून मी पुन्हा विचारायची. मग ते एकमेकांकडे बघायचे आणि कुणीतरी पुढे होऊन आपला नंबर सांगायचा. मोंग कुटुंबं तर आजीसकट येतात. व्हिएतनाम युद्धानंतर निर्वासित म्हणून लाओसहून आलेल्या या लोकांनी विस्कॉन्सिनचं रान आपलंसं केलं आहे. त्यांच्यातही तेच, “आमचं”. ही माणसं कशाला ‘आमचं’ म्हणतात, हे मला टेबलाच्या अलीकडून कळेना.

रिचलँड काउंटीतल्या एका गटाने बोलावलं, तेव्हा मी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत त्यांच्या कॅम्पवर गेले. दर वर्षी त्यांची डोकी मीच तपासत असे, त्यामुळे ओळख होती. मला बंदूक चालवायची नव्हती, आणि त्यावर कुणी दुसऱ्यांदा विचारलंही नाही. एक केशरी जाकीट आणि टोपी मात्र हातात दिली. दारात पाऊल टाकल्यापासून मी त्यांची ‘डॉक’ झाले.

हा भाग ड्रिफ्टलेस म्हणून ओळखला जातो. हिमयुगातल्या हिमनद्यांनी आजूबाजूचा प्रदेश रगडून सपाट केला, पण इथल्या टेकड्या त्यातून सुटल्या. उभ्या कडांच्या अरुंद दऱ्या, माथ्यावर ओकची झाडी, पायथ्याला मक्याची शेतं आणि मधून वाहणारे ओढे. हरणाला हवं ते सगळं. कॅम्प म्हणजे एक जुनं शेतघर. कधीकाळी मागे दुधाचा गोठा होता. गाई विकल्या गेल्या तसं घर रिकामं झालं आणि आता नोव्हेंबरात तेवढं भरतं. मालक पंचाहत्तरीपुढचे. त्यांचे दोन मुलगे, शाळेत शिकवणारी भाची, तिची बारा वर्षांची मुलगी, कागद कारखान्यातून निवृत्त झालेला एक शाळासोबती आणि त्याचा ट्रक चालवणारा जावई. स्वयंपाकघरात लाकडाची शेगडी, जिन्याखाली बुटांची रांग आणि भिंतीवर खिळ्यांनी ठोकलेल्या शर्टांच्या शेपट्या. ज्याचा नेम चुकतो त्याच्या शर्टाचं मागचं टोक कापायचं, त्यावर तारीख लिहायची आणि भिंतीवर लावायचं, अशी इथल्या कॅम्पांची जुनी रीत आहे. त्या भिंतीवर मालकांची स्वतःची चिंधी सगळ्यात वर होती, वडिलांच्या हातची.

रात्री मालकांनी टेबलावर नकाशा पसरला. कोण कुठे बसणार, कुठल्या दिशेला बार काढायचा नाही, दुपारी किती वाजता परत यायचं, हे प्रत्येकाने त्यावर पेन्सिलीने लिहायचं. शेजारच्या जमिनींच्या हद्दी लाल रेघेने काढलेल्या. 2004 साली याच हंगामात उत्तरेकडे दुसऱ्याच्या जमिनीतल्या मचाणावरून वाद पेटला होता आणि सहा शिकारी गोळ्या लागून मेले होते. तेव्हापासून मालक हंगामाआधी प्रत्येक शेजाऱ्याच्या दारात जाऊन येतात. बंदुका रिकाम्या होऊन मांडणीत लागल्याशिवाय ब्रँडीची बाटली उघडत नाही, हा दुसरा नियम. बाटली उघडली की युकरचा डाव बसतो. हा पत्त्यांचा खेळ जोडीने खेळायचा; जोडीदाराच्या हातात काय आहे ते न बोलता ओळखायचं. मला सगळ्यात जुन्या खेळाडूबरोबर बसवलं, आणि मी काहीही उतरलं तरी ते सांभाळून घेत होते.

शुक्रवारी पहाटे मी शिक्षिका आणि तिच्या मुलीबरोबर मचाणावर होते. मुलीने शिकारीच्या सुरक्षिततेचा वर्ग पुरा केला होता. 1 जानेवारी 1973 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही स्वतःच्या जबाबदारीवर शिकार करायची तर इथे तो वर्ग करावा लागतो. अंधारात ती चार नियम पुटपुटत होती: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समज, नळी सुरक्षित दिशेला ठेव, लक्ष्य काय आहे आणि त्याच्यामागे काय आहे याची खात्री कर, बार काढायच्या क्षणापर्यंत बोट घोड्यापासून दूर ठेव. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून बार काढायला परवानगी असते. त्या अर्ध्या तासात रान राखाडी होत जातं, आणि झाडाचं खोड कुठलं, हरणाची पाठ कुठली, ते कळत नाही. उजाडल्यावर दोन माद्या मक्याच्या धाटांतून गेल्या. मुलीने बंदूक उचलली आणि खाली ठेवली. मागे शेजाऱ्याचं कुंपण होतं. तिच्या आईने तिच्या पाठीवर नुसता हात ठेवला. साडेआठच्या सुमाराला एक नर ओकच्या झाडीतून उतरला, थबकला, आडवा वळला. बार झाला. हरीण उसळलं आणि दरीत नाहीसं झालं.

त्यानंतर जे घडलं त्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे.

नेम थोडा मागे लागला होता. जिथे हरीण उभं होतं तिथलं रक्त काळपट होतं, म्हणजे गोळी यकृतातून गेलेली. अशा हरणाच्या लगेच मागे लागलं तर ते जिवाच्या आकांताने दूर पळतं. आपण थांबलो तर जवळच कुठेतरी बसतं. म्हणून थांबायचं. शिक्षिकेने मालकांना कळवलं. तासाभरात सगळा कॅम्प आमच्या मचाणाखाली जमला. हंगामाचे मोजकेच दिवस उरले होते, दोघांच्या परवान्यावर अजून काहीच नव्हतं, आणि सकाळची वेळ ही हरीण हलायची वेळ. तरी आपापली जागा सोडून सगळे आले. थोरल्या मुलाने खिशातून टॉयलेट पेपरची गुंडाळी काढली. रक्ताचा थेंब दिसला की त्याशेजारी कागदाचा कपटा ठेवायचा, म्हणजे मागे वळून बघितलं की वाट कळते. पानगळीच्या तपकिरी पाचोळ्यात तपकिरी पडलेलं रक्त शोधायचं म्हणजे गुडघ्यांवर रांगायचं. निवृत्त कामगार मालकांच्याच वयाचे, त्यांना रंग नीट कळत नाहीत. ते पानं बोटांनी चोळून ओल बघत होते. एका ठिकाणी माग तुटला. कुणी “राहू दे” म्हणालं नाही. शेवटच्या कपट्याभोवती गोल करून सगळे बाहेर बाहेर सरकत गेले, आणि ट्रकवाल्या जावयाला ओढ्याच्या काठी गवताच्या पात्यावर एक ठिपका सापडला. तिथून पन्नासेक पावलांवर हरीण निपचित पडलं होतं.

मुलगी रडली. कुणी तिला गप्प केलं नाही, शाबासकीचा गलकाही केला नाही. मालक काठी टेकत आले, टोपी काढून क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, “आता याचं काम आपल्याकडे.” मग शिक्षिकेने बाह्या वर सारल्या आणि लेकीच्या हातात सुरी दिली. मी बाजूला बसून कुठे कापायचं, आतडं न फोडता पोट कसं उघडायचं ते सांगितलं. थंडीत वाफा येत होत्या. यकृताला गोळीने फाडलं होतं, बाकी सगळं स्वच्छ. मूत्रपिंडाभोवती पांढरी चरबी. देखणं, निरोगी जनावर वाटत होतं. रोगनिदान करणाऱ्या माणसाने ‘वाटतं’ यावर थांबू नये, म्हणून डोकं वेगळं बांधून घेतलं.

शनिवारी हाका घातला. तिघं दरीच्या तोंडाशी बसले, बाकीचे वरून ओरडत, काठ्या आपटत उतरले. मालकांचे गुडघे गेलेले, त्यांना खालच्या वाटेवर खुर्ची टाकून दिली. विस्कॉन्सिनच्या कायद्यात गटाने शिकार करण्याची मुभा आहे: गटातल्या एकाला दुसऱ्याच्या परवान्यावर हरीण मारता येतं, पण बार निघतो त्या क्षणी दोघं एकमेकांच्या नजरेच्या किंवा हाकेच्या टप्प्यात हवेत. फोन चालत नाही, वायरलेस चालत नाही. चष्मा आणि श्रवणयंत्र चालतं. धाकट्या मुलाने मादी पाडली, वडिलांना हाक दिली, आणि खालून त्यांची ओ आली. वडिलांच्या परवान्यावर त्या हरणाची नोंद झाली. मी बरेच कायदे वाचले आहेत, पण ज्याने हे कलम लिहिलं त्याला माणसं एकत्र रानात का जातात ते पुरतं उमगलं होतं, असं मला वाटतं.

त्या रात्री मालकांचा आणि माझा वाद झाला. ते म्हणाले, “डॉक, मी जन्मभर हे मांस खाल्लं. माझ्या वडिलांनी खाल्लं. कुणाला काय झालं?” मी म्हणाले, माणसाला हा रोग झाल्याची एकही नोंद आजवर नाही, हे खरं. पण त्यांच्या वडिलांच्या काळी हा रोग या टेकड्यांत माहीतच नव्हता. बाधित हरीण खाऊ नये असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे, आणि तो मला पटतो. या प्रथिनांनी प्रजातीची भिंत ओलांडल्याचं ब्रिटनमधल्या गाईंच्या बाबतीत जगाने पाहिलं आहे. दुसरं कारण रानाचं. राज्यात पंधरा लाखांहून अधिक हरणं आहेत. लांडगे दक्षिणेत जवळजवळ नाहीतच. ओकचं रोप डोकं वर काढतं आणि हरीण ते खुडतं. शेजारच्या सॉक काउंटीत निसर्गअभ्यासक आल्डो लिओपोल्डची झोपडी आहे. त्याने 1943 साली माद्याही मारू द्या म्हणून बाजू मांडली, तेव्हा शिकाऱ्यांनीच त्याच्यावर झोड उठवली होती. हरणांची संख्या आवाक्यात ठेवायची तर शिकारी हवेत, आणि मांस खाण्यालायक आहे असा भरवसा नसेल तर शिकारी उरणार नाहीत. म्हणून डोकी आणा, एवढंच माझं म्हणणं. मालकांनी माझं बोलणं पुरं ऐकून घेतलं. पटलं असं मात्र म्हणाले नाहीत.

रविवारी गोठ्यात टांगलेली हरणं उतरवून मांस कापायला घेतलं. तेव्हा मला माझे आजोबा आठवले. चिपळूणकडच्या आमच्या गावात त्यांच्या तरुणपणी पारध निघायची. ठासणीची एखादी बंदूक, बाकी सगळे हाकारी. परत आल्यावर वाटे पडायचे, बार काढणाऱ्याला, हाकाऱ्यांना, आणि कुत्र्यांच्या नावाचेही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद झालं आणि बंद झालं ते योग्यच झालं, आमच्या रानांत उरलंच काय होतं! पण आजोबा पारधीचं सांगायचे तेव्हा नेमाबद्दल कधी बोलायचे नाहीत, वाट्यांबद्दल बोलायचे. कोणाला काय मिळालं, कोण आजारी होता म्हणून त्याच्या घरी काय पोचवलं.

या कॅम्पचीही रीत तीच होती. सगळ्या हरणांचं मांस एकत्र करायचं, त्याचं सॉसेज करायचं आणि सारखे वाटे घालायचे. मीच आडवी आले. एकत्र दळलेल्या मांसात एक जरी हरीण बाधित निघालं तरी सगळंच टाकावं लागेल. प्रत्येक हरीण वेगळं कापा, मधे सुऱ्या आणि टेबल साफ करा, पुडक्यांवर नोंदणीचा क्रमांक लिहा, निकाल येईपर्यंत वाटे घालू नका. टेबलाभोवती शांतता पसरली. त्यांच्या लेखी मी कॅम्पची गाठच सोडत होते, आणि मला ते कळत होतं. शेवटी मुलीने मार्कर उचलला आणि आपल्या हरणाच्या पुडक्यांवर क्रमांक घालायला लागली. मग बाकीच्यांनीही घातले. हाडं आणि अवशेष रानात न टाकता कचरा डेपोत जाणाऱ्या पिंपात भरले, म्हणजे रोग मातीत उतरत नाही.

डिसेंबरात शिक्षिकेचा फोन आला. प्रयोगशाळेत नमुन्यांवर फक्त क्रमांक असतात, त्यामुळे मला तिच्याकडूनच कळलं. मुलीचं हरीण बाधित होतं. बाकीची सगळी स्वच्छ. मुलीने विचारलं होतं की आपण आजारी हरणाला मारलं, हे वाईट झालं का. मी तिच्याशी बोलले. त्या हरणापुढे काही महिन्यांचं झिजणं होतं आणि त्या काळात ते आणखी कितीकांना रोग देत फिरलं असतं, हे तिला सांगितलं. तिने सगळी पुडकी स्वतः मोजून पिशव्यांत बांधली आणि डेपोवर नेली.

पुढच्या रविवारी त्यांच्या घरासमोर एकामागून एक गाड्या थांबल्या. निवृत्त कामगार, जावई, दोन्ही मुलगे. प्रत्येकाने आपल्या हरणातली पुडकी आणली होती. कुणाला किती द्यायचं याची ठरवाठरवी झाली नव्हती, आणि झालं असं की मुलीच्या घरी सगळ्यांपेक्षा जास्त मांस जमलं. त्यातलं काही त्यांनी पुन्हा मालकांकडे पाठवलं. मुलीचा वाटा होताच, कारण माग काढताना तीही रांगली होती. ‘आमचं’ म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. आणि क्रमांक घातल्याने कॅम्पची गाठ सुटली नाही हेही कळलं. उलट क्रमांक होते म्हणूनच वाटायला काही शिल्लक राहिलं.

पुढच्या हंगामात मालक स्वतः केंद्रावर आले. ट्रकमधून डोकं उतरवून माझ्या टेबलावर ठेवलं आणि मी विचारायच्या आत आपला नंबर सांगितला.

मॅडिसन, मिल्वॉकी, मिनिआपोलिस, शिकागो इथे राहणाऱ्या मराठी घरांसाठी एक सांगणं आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात ऑफिसातला एखादा सहकारी हरणाच्या मांसाचं पुडकं आणून देतो. पुष्कळदा ते संकोचाने घेतलं जातं आणि न उघडता टाकलं जातं. जे मांस खातात त्यांनी टाकू नये. ते पुडकं म्हणजे त्याच्या वाट्यातला वाटा असतो. एवढंच विचारा: “हरीण कुठल्या काउंटीतलं? चाचणी झाली का? हे मांस एकाच जनावराचं आहे ना?” जबाबदार शिकाऱ्याला या प्रश्नांचा राग येत नाही. चाचणी झाली नसेल तर पुढच्या वेळी करून घ्यायला सांगा. विस्कॉन्सिनमध्ये शिकाऱ्याला ती फुकट आहे. झाली असेल पण निकाल यायचा असेल, तर साधारण दोन आठवडे लागतात. तोवर पुडकं फ्रीझरमध्ये ठेवा.